तोदोस, तोदास की तोदेस? स्पॅनिशमध्ये लिंगनिरपेक्ष लिहिताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते कळेल. तुम्ही पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहात, स्पॅनिश बी-वनपर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत, झालंय. टीममध्ये स्पॅनिश येणारे तुम्ही एकटेच, म्हणून शाळा आणि पालक यांच्यातल्या संपर्काच्या एका ॲपचा स्पॅनिश मजकूर तपासायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. ॲप अर्जेंटिना आणि मेक्सिको दोन्हीकडे जाणार आहे. अर्जेंटिनाची सहकारी मेलच्या सुरुवातीला 'ओला आ तोदेस' लिहिते, म्हणजे 'सगळ्यांना नमस्कार', पण नेहमीच्या 'ओ' किंवा 'आ'ऐवजी शेवटी 'ए' लावून. क्लासच्या सरांनी सांगितलं की 'तोदेस' हा शब्दच अस्तित्वात नाही. मेक्सिकोच्या ग्राहकाने एका स्क्रीनवर तो 'ए' पाहून नाराजी कळवली. शिवाय टीममधली एक व्यक्ती स्वतःसाठी 'तो' किंवा 'ती'ऐवजी 'एये' हे सर्वनाम वापरते. आणि तुम्ही विचारताय, "यातलं बरोबर कोणतं?"

मी बावीस वर्षं स्पॅनिश भाषांतर करतेय, मधली काही वर्षं शिकवलंही. माझ्या मते सरांचं चुकलेलं नाही, सहकाऱ्याचं चुकलेलं नाही आणि ग्राहकाचा रागही खोटा नाही. तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत, आणि तुम्ही त्या एकाच तागडीत घालून तोलताय.

इतर वाचकांसाठी थोडं व्याकरण. स्पॅनिशमध्ये नामांना दोनच लिंगं. तोदोस म्हणजे सगळे, तोदास म्हणजे सगळ्या. वर्गात तीस मुली आणि एक मुलगा असला तरी नियमाने तोदोस. हे पहिल्यांदा ऐकलं की मराठी विद्यार्थी हमखास म्हणतो, मग नपुंसकलिंग वापरा की! आपल्याकडे ती सोय आहेच. 'मुलं आली', 'नवराबायको आली' असं आपण सहज म्हणतो, मिश्र घोळका नपुंसकलिंगी अनेकवचनात बसवतो. लॅटिनमध्येही तीन लिंगं होती, पण लॅटिनची स्पॅनिश होता होता नपुंसकलिंगी नामं बहुतेक पुल्लिंगात विरघळली. उरली ती 'लो', 'एस्तो', 'एसो' अशी मोजकीच रूपं, तीही अमूर्त गोष्टींसाठी. 'लो ब्वेनो' म्हणजे 'जे चांगलं ते'. माणसाला ते लागत नाही. आपल्या कपाटातला तिसरा खण स्पॅनिशच्या कपाटात नाही, हा सगळ्या वादाचा पाया.

आता ते तीन वाद.

पहिला वाद बाई वाक्यात दिसावी याचा आहे, आणि तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप जुना आहे. 'सिद' या वीराच्या मध्ययुगीन स्पॅनिश महाकाव्यात नायक बुर्गोस शहरात शिरतो तेव्हा त्याला बघायला 'बायका आणि पुरुष', 'नगरवासी पुरुष आणि नगरवासी स्त्रिया' खिडक्यांत येतात. दोन्ही रूपं शेजारी शेजारी, अगदी आजच्या पुढाऱ्याच्या भाषणातल्यासारखी. पुढे याचं टोक गाठलं 1999 च्या व्हेनेझुएलाच्या संविधानाने. तिथे राष्ट्राध्यक्षपदापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येक पद दोन्ही रूपांत लिहिलंय. वाचून बघा, तिसऱ्या कलमाला धाप लागते. पण पदनामांच्या बाबतीत हा वाद जवळजवळ जिंकून झालाय. 'प्रेसिदेन्ता' हे स्त्रीलिंगी रूप स्पॅनिशचे कोश आणि नियम ठरवणाऱ्या स्पेनच्या राजअकादमीच्या कोशात 1803 पासून आहे. 2024 मध्ये क्लाउदिया शेनबाम मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या तेव्हा 'शेवटी आ असलेला प्रेसिदेन्ता' म्हणा असा त्यांचा आग्रह होता. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात बंडखोरी काहीच नव्हती. आपल्याकडे 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा 'राष्ट्रपती'तल्या 'पती'वरून किती शाई सांडली ते आठवा, म्हणजे हा वाद ओळखीचा वाटेल.

या वाटेवर काही ठेचाही लागल्या. 2008 मध्ये स्पेनच्या समानता मंत्री बिबियाना आइदो संसदेत 'म्येंब्रोस इ म्येंब्रास' म्हणाल्या. 'म्येंब्रो' म्हणजे सदस्य, आणि ते 'म्येंब्रा' रूप कोशात नव्हतं. आठवडेच्या आठवडे टिंगल चालली. 2018 मध्ये स्पेनच्याच खासदार इरेने मोन्तेरो यांच्या 'पोर्ताबोथास'चीही तीच गत. तो शब्द 'पोर्ताबोथ' म्हणजे प्रवक्ता किंवा प्रवक्ती असा मुळातच दोघांना चालणारा आहे, मग त्याला 'आ'ची शेपटी कशाला, असा आक्षेप होता. मला तो आक्षेप पटतो. टिंगल नाही पटत.

दुसरा वाद बरोबर उलट्या दिशेचा: बाई दिसायला नको आणि पुरुषही नको, वाक्यच असं बांधा की लिंगाचा प्रश्न येऊ नये. 'लोस आलुम्नोस' म्हणजे विद्यार्थी, त्याऐवजी 'एल आलुम्नादो' म्हणजे विद्यार्थीवर्ग. 'लोस स्युदादानोस' म्हणजे नागरिक, त्याऐवजी 'ला स्युदादानिया' म्हणजे नागरिकसमूह. स्पेनमधल्या विद्यापीठांनी, कामगार संघटनांनी आणि प्रांतिक सरकारांनी अशा मार्गदर्शिका काढल्या. 2012 मध्ये भाषाशास्त्रज्ञ इग्नासिओ बोस्के यांनी त्यातल्या नऊ मार्गदर्शिका समोर ठेवून अकादमीसाठी एक अहवाल लिहिला. त्याचं सार असं की बायकांवरचा अन्याय खरा आहे, पण या सूचना शब्दशः पाळल्या तर माणसाला बोलताच येणार नाही. अहवाल बोचरा आहे, आणि बोलण्याच्या भाषेबद्दल बरोबरही आहे. पण ॲपची स्क्रीन ही बोलण्याची भाषा नव्हे. इथेच तुमच्या कामाची किल्ली आहे, तिकडे येतेच.

तिसरा वाद दोन्ही खणांत न बसणाऱ्या, म्हणजे स्वतःला पुरुषही न मानणाऱ्या आणि बाईही न मानणाऱ्या माणसांचा. 'तोदेस' तिथला. हा 'ए'सुद्धा कालचा नाही. 1976 मध्येच आल्बारो गार्सिया मेसेगेर या स्पॅनिश अभियंत्याने 'ओ' आणि 'आ'च्या जोडीला 'ए' सुचवला होता, पण तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मिश्र घोळका होता, तिसरी ओळख नव्हे. त्यानंतर इंटरनेट आलं आणि लोक ॲटचं चिन्ह वापरू लागले, कारण ते 'ओ'च्या पोटात 'आ' असल्यासारखं दिसतं. मग त्या जागी 'एक्स' आला. या दोन्हींची अडचण एकच: उच्चारणार कसं? अंध व्यक्तीच्या फोनमधला स्क्रीन वाचक तिथे अडखळतो, कधी चिन्हाचं नाव वाचतो, कधी भलताच आवाज काढतो. 'ए' तोंडाने म्हणता येतो, म्हणून तो टिकला. 2018 मध्ये अर्जेंटिनात गर्भपाताच्या कायद्यावर वाद पेटला, शाळकरी मुलंमुली हिरवे रुमाल बांधून रस्त्यावर आली, तेव्हा त्यांच्या तोंडी तो 'ए' घराघरातल्या टीव्हीवर पोचला. तुमच्या सहकाऱ्याचं वय मला माहीत नाही, पण ती तेव्हा कॉलेजात असेल तर 'तोदेस' हा तिच्यासाठी व्याकरणाचा प्रयोग नाही. तिच्या पिढीची ती बोली आहे.

हे तीन वाद एकमेकांचे मित्र असतीलच असं नाही. 'प्रेसिदेन्ता'साठी झगडलेल्या कित्येक जुन्या स्त्रीवादी बायकांना 'ए' आवडत नाही. एवढ्या मुश्किलीने 'आ' मिळवला, आता तोही पुसायचा का, असं त्या विचारतात. मेक्सिकोतला तुमचा ग्राहक कदाचित 'दिरेक्तोरा' म्हणजे मुख्याध्यापिका असा शब्द आग्रहाने लिहीत असेल आणि 'ए'वर तितक्याच आग्रहाने चिडत असेल. त्यात विसंगती नाही.

अकादमीबद्दल दोन शब्द, कारण सरांनी तिचा हवाला दिला असणार. ती 1713 मध्ये स्थापन झाली आणि तिच्यात पहिली पूर्ण सदस्य बाई आली ती 1979 मध्ये, कवयित्री कार्मेन कोन्दे. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही (थोडासा आहे), तर अकादमीचा शब्द ऐकताना काही लोकांच्या कपाळावर आठी का येते ते कळावं म्हणून सांगते. 2018 मध्ये स्पेनच्या उपपंतप्रधान कार्मेन काल्बो यांनी देशाच्या संविधानाची भाषा समावेशक करता येईल का असं अकादमीला विचारलं. जानेवारी 2020 मध्ये उत्तर आलं की संविधानाचं व्याकरण निर्दोष आहे, सर्वसमावेशक पुल्लिंगात बायका धरलेल्याच असतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात अकादमीच्या संकेतस्थळावर नव्या शब्दांची जी निरीक्षण-नोंद असते तिच्यात 'एये' दिसला, बोंबाबोंब झाली आणि काही दिवसांत तो गायब झाला. अकादमीचा शब्द म्हणजे कायदा नव्हे. पण शाळा, परीक्षा आणि बहुतेक वर्तमानपत्रं तिच्यामागे चालतात. तुमचा ॲप शाळांसाठी आहे.

आणि अर्जेंटिनात तर प्रश्न अकादमीपुरता राहिलेला नाही. जून 2022 मध्ये ब्युनोस आयर्स शहराच्या शिक्षण खात्याने आदेश काढला की शिक्षकांनी वर्गात आणि पालकांना पाठवायच्या पत्रव्यवहारात 'ए', 'एक्स' किंवा ॲटचं चिन्ह वापरू नये. फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांच्या सरकारने राष्ट्रीय प्रशासनातही समावेशक भाषेवर बंदी जाहीर केली. दुसऱ्या बाजूला याच देशाने जुलै 2021 मध्ये ओळखपत्रावर लिंगाच्या रकान्यात 'एक्स' लिहायची सोय हुकूम काढून दिली होती. एकाच देशात तीन वर्षांत इतकी उलटापालट. तुमच्या ॲपमधून जाणारी सूचना म्हणजे तंतोतंत 'शाळेने पालकांना पाठवलेला पत्रव्यवहार'. तिथे 'ए' घातलात तर राजधानीतल्या शिक्षिकेला तुम्ही अडचणीत आणाल, आणि निवड तिची नसताना. म्हणून ॲपच्या ठरलेल्या मजकुरात 'ए' नको, हे माझं स्पष्ट मत. शिक्षिकेने स्वतः टाइप करायच्या चौकटीत मात्र तुमच्या शुद्धलेखन तपासनिसाने 'तोदेस' बदलून 'तोदोस' करू नये. त्या चौकटीत आवाज तिचा आहे.

मग सगळीकडे पुल्लिंग ठेवायचं का? नाही. आता ती किल्ली.

स्पॅनिश क्रियापद लिंग सांगत नाही. हे मराठी माणसाच्या लवकर लक्षात येत नाही, कारण आपलं क्रियापद सतत सांगत असतं. मी जाते, मी जातो; तोंड उघडलं की कळलं. (कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो' म्हणतात, त्यांचा मला या बाबतीत हेवा वाटतो.) स्पॅनिशमध्ये 'बोइ' म्हणजे जाते किंवा जातो, काहीही. 'येगो तार्दे' म्हणजे उशिरा आला, आली, आलं. सर्वनाम गाळायचीही मुभा आहे. लिंग अडकतं ते फक्त माणसाला चिकटलेल्या विशेषणात, कृदंतात आणि नामात. तेव्हा युक्ती एकच: विशेषण माणसाला चिकटू देऊ नका, वस्तूला चिकटवा.

तुमच्या पहिल्याच स्क्रीनवर 'ब्येन्बेनीदो' असणार, म्हणजे 'सुस्वागतम्', पण पुरुषाला. मी बघितलेल्या दहापैकी आठ ॲपमध्ये असतंच. काहीजण तिथे तिरकी रेघ मारून 'ब्येन्बेनीदो/आ' करतात. तिरकी रेघ मला सरकारी फॉर्मची आठवण करून देते, 'श्री./श्रीमती' छाप, नको ते खोडा. त्याऐवजी लिहा 'ते दामोस ला ब्येन्बेनीदा', तुला स्वागत देतो. आता 'ब्येन्बेनीदा' हे स्त्रीलिंगी नाम झालं, समोर कोण आहे याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. 'एस्तास सेगूरो?' म्हणजे 'नक्की ना?', हे पुन्हा पुल्लिंगी. सरळ विचारा, 'हा संदेश काढून टाकायचा का?' खात्री विचारण्याची गरजच नव्हती. विद्यार्थ्याची नोंदणी झाली हे सांगायला अर्जेंटिनात 'इन्स्क्रिप्तो' आणि मेक्सिकोत 'इन्स्क्रीतो', वर प्रत्येकाचं स्त्रीलिंगी रूप, म्हणजे एका शब्दाची चार रूपं सांभाळा. 'इन्स्क्रिप्स्योन कोन्फिर्मादा', नोंदणी पक्की झाली, असं लिहा. 'कोन्फिर्मादा' नोंदणीला चिकटलं, आणि दोन्ही देशांत एकच ओळ चालली. बघा, लिंगाचा प्रश्न सोडवायला गेलो आणि प्रादेशिक फरकाचाही सुटला. असं नेहमी होत नाही, पण होतं तेव्हा फार बरं वाटतं.

शाळेच्या ॲपमध्ये सगळ्यात अवघड शब्द 'पाद्रेस'. एकवचनात वडील, अनेकवचनात आईवडील. 'एस्तिमादोस पाद्रेस' म्हणून पाठवलेलं पत्र वाचणारी बहुतेक वेळा आई असते, आणि ज्या घरात वडील नाहीत तिथे ते पत्र उगाच एक रिकामी खुर्ची दाखवतं. 'एस्तिमादास फामील्यास', प्रिय कुटुंबांनो, हे माझं नेहमीचं उत्तर. त्यात आजी मावते, मामा मावतो, दोन आया मावतात. शाळांतून ते रुळलेलंही आहे, कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. मेक्सिकोत 'माद्रेस इ पाद्रेस दे फामील्या' ही जोडीही सरकारी पत्रांत सर्रास असते, पण बटणावर ती मावणार नाही. शिक्षकांसाठी 'प्रोफेसोर' टाळून 'दोसेन्ते' घ्या, अर्जेंटिनात तो रोजचा शब्द आहे. मुख्याध्यापकांसाठी 'ला दिरेक्स्योन', म्हणजे कार्यालय. 'एस्तुद्यान्तेस' शब्द दोघांना एकच, फक्त पुढचं 'लोस' हे उपपद जमेल तिथे गाळा. हजेरीचे 'प्रेसेन्ते' आणि 'आउसेन्ते' देवाच्या कृपेने मुळातच निरपेक्ष.

'सु इखो', तुमचा मुलगा, हे मात्र गाळता येत नाही, आणि इथे बऱ्याच जणांची चूक होते. लिंगनिरपेक्ष करायच्या नादात 'तुमच्या विद्यार्थी-व्यक्तीने आज डबा खाल्ला नाही' असलं काही लिहू नका. आईला तिच्या पोरीबद्दल वाचायचंय. तुमच्याकडे मुलाचं नाव आहे ना? नाव घाला. 'सोफिया नो आल्मोर्सो.' संपलं. नावाएवढं निरपेक्ष आणि नावाएवढं जिव्हाळ्याचं दुसरं काही नाही.

एक सावधगिरी. 'पेर्सोना' म्हणजे व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि पुढचं विशेषणही स्त्रीलिंगी येतं, पुरुषाबद्दल असलं तरी. 'बीक्तिमा'चंही तसंच. मराठीत 'ती व्यक्ती आली' म्हणताना आपण गोंधळत नाही, तिथेही गोंधळू नका. पण प्रत्येक ओळीत 'पेर्सोना' घातलीत तर मजकूर पोलिसांच्या पंचनाम्यासारखा होतो. आणि हे सगळे पर्याय थोडी जास्त जागा खातात. डिझायनरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात 'पाच अक्षरं कमी करा' म्हणून मागे लागेल आणि तुम्ही पुन्हा 'ब्येन्बेनीदो'वर याल.

या युक्तीची एक गंमत मला मराठीतच कळली. काही वर्षांपूर्वी एका अर्जेंटिनी मुलाखतीची मराठी उपशीर्षकं करत होते. बोलणारी व्यक्ती 'नोसोत्रेस' म्हणत होती, म्हणजे 'आम्ही', पण 'ए'वालं. मराठीत 'आम्ही गेलो' बायकांनाही तेच आणि पुरुषांनाही तेच, त्यामुळे त्या व्यक्तीने मुद्दाम उच्चारलेला 'ए' मराठीत निमूटपणे गायब झाला. उलट जिथे तिने साधं 'फ्वी', म्हणजे 'गेलो किंवा गेले', म्हटलं होतं, लिंगाचा मागमूस नव्हता, तिथे मराठी माझ्या मानेवर बसली: बोल, गेलो की गेले? मी आवाजावरून अंदाज बांधला आणि 'गेले' लिहून मोकळी झाले. तपासणाऱ्याने 'गेलो' केलं, त्याचाही अंदाजच. दोघांचंही चुकलं होतं, कारण विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. नंतर निरोप गेला, उत्तर आलं: दोन्ही नको. मग मी सगळी वाक्यं पुन्हा बांधली. 'मी पाहिलं', 'मी पत्र लिहिलं', 'मला वाटलं', 'माझं लहानपण रोसारिओत गेलं'. मराठीत सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माला चिकटतं, कर्त्याला नाही. म्हणजे हीच युक्ती, विशेषणाऐवजी क्रियापदावर.

आता तुमच्या टीममधली ती व्यक्ती. तिचा प्रश्न ॲपच्या प्रश्नापासून पूर्ण वेगळा ठेवा. ॲपमध्ये तुम्ही अनोळखी लाखो लोकांशी बोलता, इथे एका माणसाबद्दल. तिने 'एये' सांगितलंय तर 'एये' म्हणा. (अर्जेंटिनात कानाला ते 'एशे'सारखं लागेल, दचकू नका.) विशेषणाला 'ए' लावा: 'कान्सादे', दमलेलं. लिहिताना मात्र स्पेलिंग सांभाळा. 'आमीगो'चं 'आमीगे' करताना मध्ये न उच्चारला जाणारा 'यू' घालावा लागतो, नाहीतर स्पॅनिश वाचक 'आमीखे' वाचेल. 'चिको'चं 'चिके' करताना 'सी' जाऊन 'क्यू-यू' येतो. आणि काही ठिकाणी 'ए' कामच करत नाही. 'खेफे' म्हणजे साहेब आणि 'खेफा' म्हणजे बाईसाहेब. इथे 'ए' हाच पुल्लिंगी आहे! त्या व्यक्तीला बढती मिळाली तर काय म्हणायचं ते तिलाच विचारा.

मराठीत टीमशी त्या व्यक्तीबद्दल बोलताना काय, असंही तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. 'ते आलं' हे व्याकरणाने नपुंसकलिंग असलं तरी मोठ्या माणसाला लावलं की कमीपणा वाटतो, मूल किंवा वस्तू असल्यासारखं. कोकणात आणि गोव्यात तरुण मुलीलाही नपुंसकलिंगी सर्वनाम लावतात आणि त्यात मायाच असते, पण ती माया त्या मातीतली आहे, पुण्याच्या ऑफिसात ती पोचत नाही. मी अशा वेळी आदरार्थी 'ते आले' वापरते किंवा नाव घेते. 'ते आले' पुल्लिंगाकडे झुकतं हे मला माहीत आहे. त्यापेक्षा चांगलं मला अजून सापडलेलं नाही.

स्पॅनिशच्या परीक्षेचं सोपं आहे. इन्स्तितुतो सेर्बान्तेसची देले परीक्षा देणार असाल तर सर्वसमावेशक पुल्लिंग लिहा, फार तर 'एस्तिमादोस सेन्योरेस'ऐवजी 'आ क्येन कोर्रेस्पोन्दा', म्हणजे 'संबंधितांस', वापरा. हे निरपेक्षही आहे आणि जुन्या वळणाचंही, परीक्षक खूश होतो. 'ए' तिथे नको. परीक्षक चिडेल म्हणून नव्हे, तर बी-वनच्या विद्यार्थ्याने 'लेस' लिहिलं तर ते मुद्दाम केलंय की 'लोस' आणि 'लेस' या सर्वनामांत गोंधळ झालाय हे कागदावरून कळत नाही. नियम मोडणं दिसायला आधी तो येतो हे दिसावं लागतं. तुमच्या सरांना बहुधा एवढंच म्हणायचं होतं.

अमेरिकेतल्या 'लातिनेक्स'चा, म्हणजे 'लातिनो' किंवा 'लातिना'ऐवजी 'एक्स' लावून केलेल्या शब्दाचा, नाद या कामात धरू नका. तो शब्द तिथल्या इंग्रजीत वाढला आहे. 2024 मध्ये प्यू संशोधन केंद्राने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या लॅटिनो प्रौढांपैकी फक्त 4 टक्के लोक तो स्वतःसाठी वापरतात असं आढळलं. मेक्सिकोच्या पालकाला तो परकाच वाटेल.

आणि सहकाऱ्याच्या मेलला उत्तर देताना? तिने 'तोदेस' लिहिलं म्हणून तुम्हीही लिहिलंच पाहिजे असं नाही, आणि 'तोदोस' लिहून तिला दुरुस्त करायचीही गरज नाही. मी लिहिते 'ओला, एकीपो'. एकीपो म्हणजे टीम. पुल्लिंगी शब्द आहे, पण टीम पुल्लिंगी आहे, माणसं नाहीत. स्पेनहून कुणी जोडलं गेलं तर त्यांना 'बोसोत्रोस, बोसोत्रास' असा लिंग दाखवणारा 'तुम्ही' लागतो. तुम्ही अर्जेंटिना आणि मेक्सिकोशी बोलताय, तिथे सगळ्यांना 'उस्तेदेस', आणि त्याला लिंगच नाही. तेवढं तरी तुमचं नशीब चांगलं.